आधीची पाच वर्षं

सातपूर, शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

चि. वेदिका,

पाकिटावर तुझा हुद्दा, नंबर आणि युनिट लिहिलं आहे, खाली ५६ एपीओ. मागे तुझ्या आईचं पार्सल टाकायला गेलो तेव्हा पोस्टातली मुलगी म्हणाली, "काका, गावाचं नाव राहिलं." मी म्हटलं, "राहिलं नाही, फौजेचा पत्ता असाच असतो." तेव्हा पाकिटावर कॅप्टन वेदिका शामसुंदर टिळे; आत मात्र तू नुसती वेदिका, आणि तुला आशीर्वाद.

दसऱ्याला फोन मध्येच बंद झाला. रेंज गेली असं मी तुझ्या आईला सांगितलं. ती झेंडूचे हार घेऊन गाळ्यावर आली, आम्ही दोन्ही लेथची आणि ग्राइंडरची पूजा केली. मापं घ्यायच्या सरफेस प्लेटला मी हार घालू देत नाही, पाणी लागून गंजते, हे तुला माहीत आहे. तिने घातला. मी पुसून घेतलं.

"पप्पा, तुम्ही यात पडू नका" हे तुझं वाक्य मी ऐकलं आहे. मी पडत नाही. फक्त समजून घेतलं आहे, कारण न समजलेली गोष्ट मला झोपू देत नाही. जे समजलं ते बरोबर आहे का एवढं बघ.

तू मार्च २०१६ ला दहा वर्षांच्या मुदतीवर सिग्नल्स शाखेत अधिकारी झालीस. पाच वर्षांनी स्वतः मागून शिक्षण शाखेत गेलीस. ती आधीची पाच वर्षं तुझ्या पगाराला धरली, पेन्शनचा प्रश्न आला तर तिथेही धरतील, पण हुद्द्याच्या ज्येष्ठतेला धरली नाहीत. म्हणून तुझ्या मागून लागलेले मेजर झाले आणि तू कॅप्टन आहेस. इथवर मी सोडून दिलं असतं. पण फेब्रुवारीत कायम सेवेसाठी निवडीचं बोर्ड बसतं, आणि त्याला लागणारी ज्येष्ठता ही पाच धरली तरच पुरी होते. नाही धरली तर तुझं नावच बोर्डापुढे जात नाही, मार्चअखेर मुदत संपते आणि तू घरी येतेस. बरोबर?

आता माझं म्हणणं. जॉब लेथवरून ग्राइंडरवर गेला म्हणजे लेथवरचं काम पुसलं गेलं असं होत नाही. जॉब कार्डावर दोन्ही ऑपरेशनं राहतात. ग्राइंडरवाला म्हणाला की माझ्याकडे आला तेव्हापासूनच हा जॉब सुरू झाला, तर त्याला आपण वेड्यात काढू. इतकं साधं आहे हे.

तुमच्या साहेबांना द्यायचा अर्ज सोबत जोडला आहे. इंग्रजी माझं आहे. नववीनंतर मला कुणी शिकवलं नाही, मशीनची मॅन्युअलं वाचून आलेली ही भाषा आहे, त्यामुळे तीत पाल्हाळ नाही. तू फक्त सही कर.

आईच्या गुडघ्याला आराम आहे.

तुझे पप्पा

*

सातपूर, शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिका,

उत्तर नाही. एपीओच्या टपालाला वेळ लागतो हे धरूनही नाही. फोन लावला की "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती" सुरू होतं. आईच्या फोनवरून लावला तर वाजतो, पण तू उचलत नाहीस आणि नंतर तिला मेसेज करतेस. तो मेसेज ती मला वाचून दाखवते, पूर्ण नाही.

दिवाळी झाली. करंज्यांचा डबा पाठवला तो मिळाल्याचं कळलं. भाऊबीजेला रूपालीआत्या आली होती. तिचं तोंड तुला माहीत आहे. जेवता जेवता म्हणाली, "दादा, आमच्या पूजाचा दीर मेजर झाला. आपल्या वेदिकाच्या नंतर लागला होता ना गं वहिनी?" तुझी आई वाढत राहिली. मी आत्याला शाखा बदलण्याचा नियम समजावून सांगितला. ती ऐकत होती असं वाटलं, आणि शेवटी म्हणते, "म्हणजे नापास झाली का?"

मी ताटावरून उठलो नाही. एवढं मात्र सांगितलं की फेब्रुवारीनंतर बोलू.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला हा प्रश्नच नाही. तो तुला पहिल्या सुट्टीपासून मेजर म्हणतो. हरसूलचे सुभेदार धोंडीराम, हल्ली आपल्या मागच्या गल्लीत राहतात, रोज संध्याकाळी गाळ्यावर चहाला येतात. परवा त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "शेठ, आपल्याकडं पलटणीतून सुट्टीवर आलेलं कुत्रंबी मेजर असतंय. त्याला काय ज्येष्ठता लागत नाय." खूप हसले. मीही हसलो.

तू शिक्षण शाखा मागितलीस तेव्हा मला काय म्हणाली होतीस ते आठवतं का? इगतपुरीच्या पुढे गाडी थांबवून आपण भजी खात होतो. "जवानांना इंग्रजी, गणित शिकवायचंय पप्पा. दहावीवर भरती झालेली पोरं आहेत. तुम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही, तुम्ही रात्री डिक्शनरी घेऊन बसायचात ते मी पाहिलंय." मी अजून दोन प्लेट सांगितल्या. त्यानंतर मी सगळीकडे सांगत सुटलो की मुलीने शाखा माझ्यामुळे बदलली. अभिमानाने सांगितलं. आता त्याच वाक्याचा अर्थ वेगळा लागतो. पाच वर्षं माझ्यामुळे गेली असा.

असो. हातपाय गाळून बसणारा मी नाही. एक काम केलं आहे. वरपर्यंत पोचेल असं आहे. यथावकाश तुला कळेलच आणि बरं वाटेल. आत्ता जास्त लिहीत नाही.

अर्जाची सुधारलेली प्रत सोबत आहे. दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द बदलला आहे, पहिला जरा मिंधा वाटत होता.

तुझे पप्पा

*

सातपूर, शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिका,

हे पत्र नीट वाच. जमलं तर बसून वाच.

मागच्या पत्रात मी एका कामाबद्दल लिहिलं होतं. ते काय ते सांगतो. आपल्या आमदारांचे स्वीय सहायक आहेत, त्यांच्या भावाच्या कारखान्याची माप तपासायची गेजं मी करतो. त्यांना भेटलो. माणूस भला आहे. म्हणाले, "टिळेशेठ, मुलगी देशसेवेत आहे, साहेब नक्की करतील." आठ दिवसांत आमदारांच्या लेटरहेडवर दिल्लीला पत्र गेलं. त्यात तुझं नाव, नंबर, शाखा आणि मागणी. आधीची पाच वर्षं धरावीत. मजकूर मी दिला होता. सही त्यांची, गोल शिक्का, जावक क्रमांक.

मला यात काही वावगं दिसलं नाही. तूच सांग, आपल्याकडे कुठलं काम याशिवाय होतं? गाळ्याला थ्री फेज मिळाली ती पत्राने. आईचं ऑपरेशन लवकर लागलं ते पत्राने. तुझ्या कॉलेजच्या हॉस्टेललाही मी पत्र आणलं होतं. पत्र आणलं म्हणजे कुणाचं काही लुबाडलं असं नसतं, आपला कागद ढिगाऱ्याखालून वर येतो एवढंच. असं मी समजत होतो.

मंगळवारी सुभेदार चहाला आले. मी त्यांना प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि कप खाली ठेवला.

"शेठ, हे कुणी पाठवलं?"

"मी."

"म्याडमला इचारलं?"

"तिला नंतर सांगणार होतो."

"आरं देवा." मशीनवरचा पोरगा मायक्रोमीटर मागायला आला, त्याला त्यांनीच हाताने परत पाठवला. म्हणाले, "फौजेत पुढाऱ्याचं पत्र चालत नाय शेठ. चालत नाय म्हंजे नुसतं फेकून देत नाय, धरून ठेवत्यात. बाहेरून दबाव आणला म्हनून ज्याच्या नावानं पत्र आलं त्यालाच इचारत्यात. जवानाला बी इचारत्यात. म्याडम तर अधिकारी हायेत."

मी म्हटलं, "पण तिने तर काही केलं नाही."

"तेच तिला आता लिहून द्यावं लागंल."

मी आमदारांच्या ऑफिसात गेलो. पत्र मागे घेता येतं का, असं दुसरं पत्र देता येतं का, विचारलं. सहायक हसले. "शेठ, लोक पत्र मिळावं म्हणून येतात. मागे घ्यायला पहिल्यांदाच कुणी आलं." मग म्हणाले की असं दुसरं पत्र गेलं तर अजून गोंधळ होईल. तेही खरं असावं. काय खरं आणि काय नाही हे ठरवायचं साधन माझ्याकडे या बाबतीत नाही. नियमांची पुस्तकं मी वाचली, त्यात ज्येष्ठतेचा भाग पाठ केला. पण पत्राबद्दलचा भाग त्याच पुस्तकात पुढे होता, तिथपर्यंत मी गेलोच नाही. आपल्या प्रश्नाचं पान सापडलं की माणूस पुस्तक मिटतो.

तुला कुणी काही विचारलं आहे का? आईला एका शब्दात कळव. हो किंवा नाही.

तुझे पप्पा

*

सातपूर, शनिवार, १३ डिसेंबर २०२५

चि. वेदिका,

तू बुधवारी आईला फोन केलास आणि "पप्पांना दे" म्हणालीस. सव्वादोन महिन्यांनी. मी हात धुवायला गेलो होतो, ओल्या हातानेच घेतला.

तुझा आवाज वेगळा होता. जवानांशी बोलतेस तसा असेल. "पप्पा, मी विचारते तेवढंच बोला. आमदारांकडे तुम्ही माझ्या सांगण्यावरून गेलात?"

"नाही."

"मला माहीत होतं?"

"नाही."

"हे लिहून द्याल?"

मी हो म्हटलं. मग तू जे सांगितलंस ते मी अजून पुरतं गिळलेलं नाही. तू स्वतःच सप्टेंबरात रीतसर अर्ज दिला होतास. तुझ्या कर्नलसाहेबांनी त्यावर चांगली शिफारस लिहिली, पाच वर्षं धरावीत असं त्यांचंही मत पडलं, आणि तो अर्ज ऑक्टोबरातच वर गेला होता. म्हणजे दसऱ्याला तू मला यात पडू नका म्हणालीस तेव्हा काम चाललं होतं. नीट चाललं होतं. आणि मग त्याच टेबलावर आमदारांचं पत्र येऊन पडलं.

"मग सांगायचं नाही का मला?" असं मी म्हणालो. त्याची मला लाज वाटते.

तू म्हणालीस, "पप्पा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कर्नलसाहेबांची शिफारससुद्धा दुरुस्त करून पाठवली असती."

आई हसली. स्पीकर चालू होता. तूही हसणार होतीस असं मला वाटलं, पण मध्येच थांबलीस. "आता अर्ज बाजूला ठेवलाय. आधी माझा खुलासा, मग तो. फेब्रुवारीच्या आत झालं तर झालं. आणि ही पत्रं बंद करा. अर्जाचे मसुदे घालून पाठवता, उद्या कुणी म्हणालं की घरून सगळं ठरवून चाललं होतं, तर मी काय सांगू?"

"तू वाचतेस का ती?"

"नाही. एकही उघडलेलं नाही."

मसुदे आत आहेत हे तुला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

तर हे शेवटचं. यात अर्ज नाही, मसुदा नाही, सल्ला नाही. तू बंद करा म्हणालीस आणि मी तिसऱ्या दिवशी लिहायला बसलो, हेही दिसतं आहे मला. पण फोनवर जे बोलायचं होतं ते राहिलं. तू फोन ठेवलास आणि हात वाळले होते.

थंडी पडली आहे. आईने तुझा मरून स्वेटर उन्हात घातला होता. तुझ्याकडे तिथे किती थंडी आहे ते माहीत नाही, कारण तू कुठे आहेस ते माहीत नाही. हवामानाच्या बातम्यांत सगळ्या राज्यांचे आकडे दाखवतात, मी सगळेच बघतो.

तुझे पप्पा

*

सातपूर, शनिवार, ३ जानेवारी २०२६

वेदिका,

हे पाकिटात जाणार नाही.

गुरुवारी आईच्या नावाने रजिस्टर आलं. आत माझी चारही पत्रं, बंद. वर तुझी चिठ्ठी, तीही आईला: "आई, ही पत्रं न उघडता परत पाठवते आहे. जपून ठेव, लागली तर दाखवता येतील." आणि आईच्या व्हॉट्सअॅपवर दोन पानांचा मजकूर, जो मी मुद्रांकावर उतरवून सही करायचा. सोमवारी कोर्टासमोर नोटरी. सुभेदार साक्षीदार म्हणून येणार आहेत, मेडल लावून येऊ का विचारत होते. नको म्हटलं.

मजकूर चांगला आहे. मी एकही शब्द बदलला नाही, याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून लिहितो. त्यात असं आहे की मी, शामसुंदर टिळे, हे सर्व स्वतःच्या मनाने केलं. मुलीला कल्पना नव्हती. तिने या विषयात माझं साहाय्य मागितलं नाही, घेतलं नाही. मी पाठवलेली पत्रं तिने न उघडता परत केली. आणि यापुढे या विषयावर किंवा तिच्या नोकरीच्या कुठल्याही विषयावर मी तिच्याशी पत्रव्यवहार करणार नाही.

पहिली तीन वाक्यं खरी आहेत. शेवटचं मला खरं करायचं आहे. राहिलं पत्रांचं.

ती चार पाकिटं मी गाळ्यावर नेली. का नेली ते सांगता येणार नाही, हातात आलेली वस्तू मी तपासतो, इतकंच. खिडकीपाशी ट्यूबखाली धरली, भिंग लावलं. मी पोस्टातल्या बाटलीतला गोंद लावतो. तो वाळला की पिवळा पडतो आणि कडेला बाहेर येतो. या चारही पाकिटांना पिवळा गोंद होता, आणि त्याच्यावर दुसरा एक पांढरा, पातळ थर. कांडीचा गोंद असतो तसा. फार सफाईने लावलेला, कडेच्या आत. पाकीट उघडायला वाफ दिलेला कागद वाळल्यावर थोडा फुगतो. मी झाकणाच्या पट्टीला मायक्रोमीटर लावला, मग ड्रॉवरमधल्या कोऱ्या पाकिटाला लावला. फरक होता. डोळ्याला दिसण्यासारखा नाही. कुठल्या साहेबाला दिसणार नाही.

चारही, वेदिका. शेवटचंसुद्धा.

मी ती उघडली नाहीत. तू बंद केलेलं बंद राहिलं.

सुभेदार आले तेव्हा मी मायक्रोमीटर पुसत होतो. त्यांनी पाकिटं बघितली, माझ्याकडे बघितलं.

"काय झालं शेठ?"

मी म्हटलं, "सुभेदार, मी आजवर तपासणीच्या रिपोर्टवर नसलेलं माप लिहिलेलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी लिहिलं नाही."

"मग?"

"मजकुरात आहे, न उघडता परत केली."

त्यांनी एक पाकीट उचललं, उलट केलं, सुलट केलं. "बंद हाय की."

"बंद आहे."

"मग लिहा, बंद हाय. तुमी सायबाला भिंग देनार हाय का?"

ते चहाची वाट बघत बसले, मग स्वतःच उठून पोऱ्याला सांगून आले. परत येऊन म्हणाले, "पोरगी तुमचीच हाय. चिकटवलंय बघा कसं." म्हणजे त्यांनाही दिसलं होतं, भिंगाशिवाय.

सोमवारी मी सही करणार आहे. वाकडी नाही, रिपोर्टवर करतो तशीच, पूर्ण नावाने. पहिल्यांदा चुकीचा तुकडा पास करतो आहे आणि माझा हात अडणार नाही असं वाटतं.

त्यानंतर मला काही करता येण्यासारखं नाही. तुझ्या खुलाशाचं काय झालं हे विचारायचं नाही. बाजूला ठेवलेला अर्ज पुढे आला का, पाच वर्षं धरली का, बोर्डात नाव गेलं का, काहीच विचारायचं नाही. आईलाही विचारायला लावायचं नाही, कारण ते माझंच विचारणं झालं. लिहायचं नाही असं लिहून दिल्यावर मी लिहिणार नाही. हे एवढं तरी मापात राहील.

तेव्हा मला कळायची एकच रीत उरली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तू ट्रंक घेऊन रिक्षातून उतरलीस तर कळेल की नाही धरली. नाही उतरलीस तर धरली. बाप म्हणून दहा वर्षं मी याच रिक्षाची वाट बघत आलो, प्रत्येक सुट्टीला. आता ती येऊ नये म्हणून बघायची.

आईला यातलं अर्धं समजलं आहे. मार्चमध्ये मुदत संपते एवढं तिने पक्कं धरलं आहे. आज सकाळी उठून तिने तुझी खोली काढली. गादी गच्चीवर नेली, पंखा पुसला, कपाटातला अर्धा भाग रिकामा केला. मी दारात उभा होतो.

"अहो, नुसते बघताय काय? पडद्याचा रॉड काढून द्या, धुवायला टाकते."

मी स्टूलवर चढलो. रॉडचे स्क्रू मीच बसवलेले आहेत, घट्ट. स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तसाच उभा राहिलो.

"निघत नाही का?"

"निघतो," मी म्हटलं. "पण राहू दे, लतिका. इतक्यात नको."

पप्पा